मालवण किनाऱ्यावरील कॅथॉलिकांची गणना : साधनांचें परीक्षण

दक्षिण कोंकणांतील कॅथॉलिक समाजाविषयीं लिहितांना जुने-नवे आंकडे एकाखालीं एक मांडून समाज वाढला कीं घटला, हें ठरविण्याचा प्रघात पडला आहे. चर्चच्या वह्या, १८८० चें रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर व खानेसुमारीचे तक्ते यांस एकाच मापानें मोजलें जातें. आमच्या मतें ही रीत मुळांतच सदोष आहे. कारण 'कॅथॉलिक कोण' या प्रश्नाचें प्रत्येक साधनाचें उत्तर निराळें आहे.

प्रथम चर्चची दप्तरें घेऊं. चर्चच्या कायद्याप्रमाणें बाप्तिस्म्याची खूण पुसली जात नाहीं. म्हणून बाप्तिस्म्याच्या वहींतील मनुष्य पुढें मुंबईस कायमचा राहिला, तरी त्याची नोंद मूळ गांवींच असते. याउलट 'रोल' म्हणून जी वार्षिक यादी पोर्तुगीज परंपरेंत ठेवीत, ती कुमसारास बांधलेल्या माणसांची. समजत्या वयाच्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां पापनिवेदन करावें, हा दंडक १२१५ च्या लॅटरन धर्मसभेचा. सबब तान्हीं मुलें या संख्येबाहेर राहतात. हा मुलूख दीर्घकाळ गोव्याच्या आर्चबिशपाच्या अधिकारांत असल्यानें, येथील कागद वाचतांना हा भेद विसरून चालणार नाहीं.

सरकारी खानेसुमारी मनुष्याच्या स्वतःच्या सांगण्यावर चालते. १९३१ पर्यंत ती एका रात्रींत होत असे. मुंबईच्या खोलींत निजलेला मालवणचा खलाशी मुंबईंतच मोजला गेला. त्या काळच्या तक्त्यांत रोमन कॅथॉलिक हा पंथ वेगळा सांपडतो; स्वातंत्र्योत्तर तक्त्यांत सर्व पंथ 'ख्रिश्चन' या एकाच सदरांत पडतात. शिवाय मुलूखही तोच राहिला नाहीं. मालवण व वेंगुर्लें रत्नागिरी जिल्ह्यांत, तर कुडाळ सावंतवाडी संस्थानांत असे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. २००५ सालीं पुण्यापासून वेगळा काढलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत, ज्याचें पीठ सावंतवाडीस आहे, तो नांवानें एक असला तरी विस्तारानें या जिल्ह्याहून मोठा आहे. २०११ सालीं जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. तींत कॅथॉलिक किती, हें धर्मप्रांताच्या आंकड्यावरून काढूं पाहणारा फसेल.

हा भेद केवळ शाब्दिक नाहीं. शेजारच्या गोव्यांत १९२८ सालीं मसूरकर महाराजांनीं हजारों ख्रिस्ती गावड्यांस शुद्धि देऊन हिंदु करून घेतलें. खानेसुमारीस ते हिंदु; चर्चच्या कायद्यास त्यांचा बाप्तिस्मा कायम. दोन्ही दप्तरें आपापल्या ठिकाणीं खरीं आहेत. त्यांची वजाबाकी मात्र खोटी आहे. अशाच वजाबाकींतून कधीं सामुदायिक धर्मांतराच्या, कधीं पळून गेल्याच्या कथा जन्मतात, आणि त्यांचा भार आजच्या शेजाऱ्यांवर पडतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, वहीचें सुटें पान हातीं आल्यास त्याचा मथळा, चर्चचें नांव व बांधणींतील स्थान टिपल्यावांचून तें वेगळें करूं नये. कोणी मोजलें, कोणत्या वयावरील मोजलें, हजर मोजले कीं रहिवासी, या तीन गोष्टी ज्या आंकड्यासोबत नाहींत, तो आम्ही पुरावा म्हणून स्वीकारीत नाहीं. मथळा हरवलेल्या पानावर संख्या उरते. पण ती कोणाची, हें उरत नाहीं.