जीपच्या गिअरबॉक्सची पेटी

जुन्या महिंद्रा जीपचा तीन गिअरचा गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी परगावी धाडताना जाणता मेकॅनिक जी लाकडी पेटी बांधतो, ती थांबून निरखावी अशी असते. आत बिडाचा जडशीळ ऐवज. मागे जोडलेला ट्रान्सफर केस, पुढे बाहेर आलेला इनपुट शाफ्ट.

गाडीत हा शाफ्ट निराधार नसतो. त्याचं टोक क्रँकशाफ्टमधल्या बुशात टेकलेलं असतं आणि गिअरबॉक्सचा दर्शनी भाग बेल हाऊसिंगला बोल्टांनी आवळलेला असतो. गिअरबॉक्स उतरवला की हे दोन्ही आधार सुटतात. चांगली पेटी ते ओळखते. तिच्यात जाड प्लायवूडची एक उभी फळी असते. गिअरबॉक्सच्याच बोल्टांच्या मापाने तिला भोकं पाडलेली असतात आणि मधलं मोठं भोक शाफ्टला कुठेही शिवत नाही. भार पेलण्यासाठी जी जागा मुळातच घडवली आहे, तिथेच तो पेलला जातो. शाफ्टच्या टोकापुढे दोन बोटं मोकळी सोडून बाहेरची फळी येते. धक्का बसला तर तो तिने सोसायचा.

ट्रान्सफर केसखाली त्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा बसवलेला असतो आणि वरून पोलादी पट्टी ताणलेली. आत कशालाही हलायला वाव नाही. या रचनेचं मर्म हेच. अशा वजनाखाली थर्मोकोल दबतो, बबल शीटचे फुगे फुटतात आणि पोकळी तयार होते. ट्रकने गचका दिला की तेवढ्या पोकळीतही लोखंड वेग घेतं आणि फळी फोडतं. म्हणून इथे मऊपणापेक्षा पकड महत्त्वाची.

बारकावेही तितकेच विचारी. ऑइल पूर्ण काढून प्लग पुन्हा आवळलेला. ब्रीदरचं भोक बंद. उघड्या शाफ्टला ग्रीस आणि त्यावर प्लास्टिक. सुटे बोल्ट पिशवीत घालून आतल्या फळीला बांधलेले. बुडाखाली दोन जाड वासे, त्यामुळे हमालांना बोटं घालायला जागा मिळते आणि पेटी कशी ठेवायची हेही लेबल न वाचता कळतं. मागची बाजू जड असल्याची खूण तिथेच खडूने केलेली, म्हणजे उचलणाऱ्याचा तोल जात नाही.

मला सर्वांत भावतात ते झाकणाचे स्क्रू. खिळे ठोकले असते तर काम लवकर उरकलं असतं, पण उघडताना फळ्या चिरल्या असत्या. हा माल परत यायचा आहे, याच पेटीतून. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी: ‘दुसरा गिअर उतारावर निसटतो.’ तिकडच्या कारागिराचं निदान इथूनच सुरू होतं.

उचलणारा हमाल, उघडणारा मिस्त्री आणि पुन्हा भरणारा हात, या तिघांचा विचार ज्याने आधीच केला, त्याचं सुतारकाम मी दुरुस्तीचाच पहिला टप्पा मानतो. त्याची मजुरीही त्याच मानाने द्यायला हवी.