सुटलेला नर आणि न लिहिलेली गोष्ट

शिकारीच्या गप्पांत सर्वांत जास्त वेळा सांगितली जाते ती मारलेल्या जनावराची गोष्ट नव्हे, सुटलेल्या जनावराची. मारलेल्या जनावराचे मटण वाटले जाते, खाल्ले जाते, विषय संपतो. सुटलेला नर मात्र पन्नास वर्षे पळत राहतो, आणि दर वर्षी त्याची शिंगे बोटभर वाढतात. पालघर, मनोर, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यातल्या जुन्या मुस्लिम घरांच्या ओट्यांवर या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या. अशेरीच्या पायथ्याचे रान, सूर्या आणि वैतरणेकाठचे पाणवठे, ठासणीची बंदूक, चांदणी रात्र, समोर उभा राहिलेला सांबराचा थोरला नर आणि ऐन वेळी फुकट गेलेला बार. सांगणारा बदलतो, नर तोच असतो.

या गोष्टींना साहित्य म्हणायचे का, हा प्रश्न कोणी आजवर विचारला नाही. आम्हांला तो विचारावासा वाटतो. शिकारकथा या प्रकाराची खरी परीक्षा चुकलेल्या बारापाशीच होते, असे आमचे मत आहे. बार लागला की गोष्टीत शिकारी मोठा होतो आणि बाकी सगळे लहान होतात. बार चुकला की शिकाऱ्याला कारण शोधावे लागते. ते तो कोणात शोधतो, यावरून त्या गोष्टीची आणि सांगणाऱ्याचीही किंमत कळते.

ओट्यावरची कारणे ठरलेली असतात. वारा फिरला, दारू दमट झाली, काडतूस जुने होते. आणि सर्वांत आवडते कारण म्हणजे हाकाऱ्यांतला कोणीतरी खोकला. रान उठवायला आलेला, अंगावर लंगोटी आणि हातात काठी असलेला वारली किंवा कातकरी गोष्टीत शिरतो तो असा, दोषी म्हणून. त्याने माग काढला, पाणवठा दाखवला, काटेरी रानातून जनावर उठवून बंदुकीपुढे आणले, हे सांगायचे राहून जाते. तो खोकला, एवढेच सांगितले जाते.

ही खोड जुनी आहे आणि बादशहांनाही चुकलेली नाही. जहांगीरने आपल्या ‘तुझुक’मध्ये स्वतःच एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. नीलगाईचा नर बंदुकीच्या टप्प्यात आला होता. तेवढ्यात एक जिलौदार आणि दोन कहार अचानक पुढे आले आणि नीलगाय निसटली. बादशहाने जिलौदाराला जागच्या जागी ठार करवले, कहारांच्या पायांच्या शिरा तोडवल्या आणि त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरवले. हे तो लपवत नाही. पुन्हा कोणी असे धाडस करू नये म्हणून केले, असे कारणही देतो. याच बादशहाने आपल्या लाडक्या हरणाच्या आठवणीसाठी लाहोरजवळ शेखूपुऱ्याला मिनार उभारला. हरणासाठी मिनार आणि त्या तीन माणसांसाठी पुस्तकातल्या दोन ओळी, त्यांतही नाव एकाचेही नाही. शिकारकथेत माणसाची जागा कोठे असते, ते यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

याच्या शेजारी अर्नेस्ट हेमिंग्वेचे १९३५ सालचे ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ ठेवून पाहावे. ते पुस्तकही चुकलेल्या संधींचेच आहे. पिळदार शिंगांचा कुडू नर मिळावा म्हणून लेखक दिवसामागून दिवस दबा धरून बसतो. पुस्तकाच्या आरंभीच खारवट मातीच्या जागेजवळ तो बसलेला असताना एक खटारा लॉरी खडखडत जाते आणि ती संध्याकाळ वाया जाते. जहांगीरच्या छावणीत अशा माणसाचे काय झाले असते ते आपण पाहिले. येथे पुढे तोच लॉरीवाला भेटतो, आणि दोघांत साहित्याविषयी बोलणे निघते. शिकार गेली, पण एक माणूस मिळाला. शेवटी हेमिंग्वेला कुडू मिळतात. तो आनंदाने तळावर परततो, तर सोबत्याने त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या शिंगांचा नर आणलेला असतो. त्या क्षणी मनात उठलेली असूया तो झाकत नाही. एवढ्या एका प्रामाणिकपणासाठी ते पुस्तक टिकले आहे असे आम्ही म्हणू. शिंगांची लांबी मोजणारा माणूस खरे तर शेजाऱ्याला मोजत असतो, हे त्याने कबूल केले. आमच्या ओट्यावर ही कबुली फार क्वचित ऐकू येते.

शिंगांविषयी आणखी एक साधी गोष्ट आहे, जी जंगलात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. चौसिंग्याची शिंगे जन्मभर राहतात. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे मात्र गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. सांबराच्या नराची शिंगे साधारण उन्हाळ्यात गळतात. म्हणजे हिवाळ्यात ज्या शिंगांसाठी बार काढला आणि जी सुटली म्हणून पन्नास वर्षे हळहळ केली, ती नराने काही महिन्यांत स्वतःच रानात टाकून दिली असणार. लाकडे वेचायला गेलेल्या बाईच्या पायाखाली ती आली असतील. सुटलेल्या नराच्या गोष्टीचा हा उत्तरार्ध आहे, पण तो सांगितला की गोष्टीतला रुबाब जातो. म्हणून कोणी सांगत नाही.

ज्यांनी रुबाब सोडला त्यांच्याकडून मात्र मोठे साहित्य झाले. इव्हान तुर्गेन्येवचे शिकाऱ्याच्या नोंदींचे पुस्तक १८५२ साली निघाले. त्यात शिकार नावालाच आहे. बंदूक खांद्यावर टाकून हिंडणारा जमीनदार पावसात अडकतो, वाट चुकतो, रात्री मुलांच्या शेकोटीपाशी पडून राहतो आणि त्याला भूदास शेतकरी दिसू लागतात. नावासकट, स्वभावासकट, दुःखासकट. रशियातली भूदास पद्धत १८६१ साली रद्द झाली. तिच्याविरुद्ध लोकांचे मन तयार करण्यात या पुस्तकाचा वाटा होता, असे मानले जाते. उर्दूत सय्यद रफीक हुसैन यांनी ‘आईना-ए-हैरत’मधल्या कथांत गोष्ट थेट जनावराच्या बाजूने फिरवली. तराईच्या रानांत वावरलेला हा अभियंता, पण त्याने शिकाऱ्याची फुशारकी लिहिली नाही. जनावराला काय दिसते ते लिहिले.

मराठीतही हे वळण आले. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन हिंडले आणि पुढे वही घेऊन नागझिऱ्यात राहिले. ‘सत्तांतर’मध्ये त्यांनी वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष माणसाला मध्ये न आणता लिहिला आणि त्याला १९८३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात आयुष्य काढले आणि रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द कोशांत आणले. ज्या माणसाला शिकारकथेने हाकारा म्हणून मागे ठेवले होते, त्याच्याकडे एक जाणकार म्हणून पाहिले गेले, ही चितमपल्लींची मोठी कमाई होय.

आणि ज्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो ते डॉ. सालिम अली. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी आपल्याला खायला चालेल का, या शंकेने तो मुलगा मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले आणि तेथून भारतातले पक्षिशास्त्र बदलले. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या पडलेल्या चिमणीचेच नाव दिले. लक्षात घ्यावे असे की, या सगळ्याचा आरंभ एका मुसलमान घरातल्या हलालविषयक शंकेपासून झाला. शंका आली म्हणून मुलगा थांबला. थांबला म्हणून त्याने पक्षी नीट पाहिला.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मुसलमान शिकाऱ्याच्या गोष्टीत एक गोष्ट अशी आहे जी इतर कोणाच्या शिकारकथेत नाही, आणि तीच आपण कधी लिहिली नाही. ती म्हणजे सुरी. बंदुकीच्या गोळीने जनावर जागीच मेले तर ते खायला चालत नाही, असे हनफी आणि शाफई आलिमांपैकी बहुतेकांचे मत आहे. काही आलिमांचे मत वेगळे आहे. म्हणून आपल्याकडे बार लागला तरी शिकार झाली असे होत नाही. सुरी घेऊन धावावे लागते, जनावरात जीव असताना पोहोचावे लागते, अल्लाहचे नाव घेऊन जबह करावे लागते. उशीर झाला तर लागलेला बारही चुकलेलाच. मग ते मटण हाकारे घेऊन जात आणि शिकारी रिकाम्या हाताने घरी येई.

विचार करा, यात केवढी कथा आहे. मचाणावरचा शिकारी जनावराला लांबून पाहतो. सुरीवाला त्याच्या डोळ्यांत पाहतो. काट्यांतून धावताना त्याच्या बरोबरीने, बहुधा त्याच्या पुढेच, वारली हाकारा धावत असतो. दोघांच्या मनांत वेगवेगळी गोष्ट असते: एकाला जनावर जिवंत सापडायला हवे असते, दुसऱ्याला ते मेलेले सापडले तर घरी चूल पेटणार असते. मराठी शिकारकथेत हा प्रसंग जवळजवळ नाही. आमच्या ओट्यावर मात्र तो विनोद म्हणून सांगितला जातो, आणि हसण्यात त्यातले सगळे दुःख विरून जाते.

शिकार आणि संयम यांचे नाते आपल्या परंपरेत काही नवे नाही. सूरह माइदामध्ये एहरामच्या अवस्थेतल्या माणसाला शिकार मना आहे, आणि हाताच्या व भाल्याच्या टप्प्यात येणारी शिकार हीच त्याची परीक्षा असल्याचे सांगितले आहे. म्हणजे जनावर अगदी जवळ आलेले आहे, हात पोहोचतो आहे, आणि तरी सोडायचे. गझनीच्या सबुक्तगीनविषयीची कथा घराघरांत सांगितली जाई: पकडलेल्या पाडसामागे हरिणी धावत येताना पाहून त्याने पाडस सोडून दिले आणि त्या रात्री स्वप्नात त्याला बादशाहीची खूशखबर मिळाली. ज्या समाजाच्या स्मरणात सोडलेल्या शिकारीची अशी कथा आहे, त्याने सुटलेल्या शिकारीची फक्त हळहळ का सांगावी?

याचे उत्तर आमच्या मते आपल्या साहित्याच्या वाटचालीत आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण अस्मितेवर, दंगलींवर, तलाकवर, भाषेच्या प्रश्नावर लिहीत आलो. ते लिहिणे गरजेचे होते. पण त्या ओझ्याखाली रान, नदी, जनावर, शेजारचा आदिवासी हे आपले विषय नव्हेत असा समज झाला. आणि आपल्या गोष्टीतला वारली हा आपल्याला फक्त खोकण्यापुरताच दिसला. १९४५ सालचा वारल्यांचा उठाव याच मुलखातला, वेठीविरुद्धचा. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्याला हाक्यासाठी माणसे कशी गोळा होत असतील हे वेगळे सांगायला नको. ज्या काळात वेठ चुकत नव्हती, त्या काळातली हाक स्वखुशीची होती असे कोणी समजू नये. वारल्यांनी स्वतः मात्र शिकार आपल्या चित्रांत पांढऱ्या रेघांनी भिंतीवर लिहून ठेवली. तेथे माणूस, जनावर आणि झाड एकाच मातीचे आहेत. कोणी एक मोठा नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कला जगापुढे नेली आणि २०११ साली ते पद्मश्री झाले. त्यांच्या भिंतीने जे केले ते आपल्या ओट्याने केले नाही.

हे सारे जुन्या काळाचे आहे, आता त्याचे काय, असे कोणी म्हणेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण गोष्ट बंद झालेली नाही. २०२५ च्या जानेवारीअखेर मनोरजवळ बोरशेतीच्या रानात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने हालचाल पाहून बार काढला, आणि तो आपल्याच सोबत्याला लागून त्याचा जीव गेला. सोबत्यांनी पोलिसांना न कळवता प्रेत झुडपांत लपवले. काही दिवसांनी ते उघडकीस आले आणि अटका झाल्या. ही बातमी वाचताना आम्हांला ओट्यावरचा तो खोकणारा हाकारा आठवला. ‘तो खोकला म्हणून नर सुटला’ असे सांगून पिढ्यान्‌पिढ्या हसलो. पण काळोखात हलणारी प्रत्येक गोष्ट जनावर नसते, आणि एखाद्या रात्री त्या खोकल्यानेच कोणा माणसाचा जीव वाचला असेल, हे कोणीच सांगितले नाही. चुकलेल्या बाराची गोष्ट आपण नीट सांगितली असती तर न काढलेल्या बाराची किंमतही आपल्याला कळली असती.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. आमच्या भागात बोईसर-तारापूरला कारखाने आले, अणुवीज केंद्र आले, रान मागे गेले, आणि त्या रानाच्या गोष्टी सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसावे. शिंगे किती लांब होती हे विचारू नये. बरोबर कोण कोण होते ते विचारावे. हाकाऱ्याचे नाव काय होते, त्याला काय मिळाले, सुरी कोणाच्या हातात होती, आणि बार चुकल्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, बरे वाटले होते का, हे विचारावे. त्या शेवटच्या प्रश्नापाशी सांगणारा जर गप्प झाला, तर तेथून लिहायला सुरुवात करावी.