‘फॉरेस्ट’ : कोशार्थ आणि दप्तरार्थ

मुरबाड-शहापूरच्या बोलीत ‘रान’ आणि ‘फॉरेस्ट’ हे पर्यायशब्द नाहीत. गुरे जातात ती रानात. जमीन जाते ती फॉरेस्टात. पहिला शब्द भूमीचा वाचक, तर दुसरा त्या भूमीवर चालणाऱ्या सत्तेचा. म्हणूनच एकही झाड नसलेला वरकस माळ ‘फॉरेस्ट’ असू शकतो. राबासाठी फांद्या तोडणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना हा भेद कोश उघडून शिकावा लागलेला नाही.

शुद्धिवादी अभ्यासक या वापराला इंग्रजी शब्दाचा अर्थसंकोच म्हणतील. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. या शब्दाच्या लॅटिन मुळात ‘बाहेर’ हा अर्थ आहे. नॉर्मन इंग्लंडमध्ये राजाच्या मृगयेसाठी राखलेला, स्वतंत्र कायद्याखालील प्रदेश म्हणजे ‘फॉरेस्ट’; त्यात माळ, शेते आणि गावेही असत. वृक्षराजीचा अर्थ पुढे प्रबळ झाला. तेव्हा 1878 आणि 1927 च्या वनकायद्यांचा अंमल सोसलेल्या बोलीने शब्द बिघडवला नाही. त्याचा जुना, कायदेशीर अर्थ अनुभवातून पुन्हा गाठला. (‘जंगल’चा प्रवास याहून गमतीचा: संस्कृतातला ‘जांगल’ हा कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश, इंग्रजीत जाऊन तो घनदाट झाला.)

हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या वनसंवर्धन कायद्यातील ‘फॉरेस्ट’ हा शब्द कोशार्थाने घ्यावा, असा आदेश दिला. शिवाय सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीनही, मालकी कोणाचीही असो, त्याच कक्षेत आणली. म्हणजे एकाच संज्ञेला दोन चिन्हिते लाभली, एक झाडांचे आणि एक नोंदीचे. ज्या ठाणे जिल्ह्यात 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने सातबाऱ्याचे अर्थ बदलले, तेथे यांपैकी कोणते अधिक जड, हे सांगण्याची गरज नाही.

मराठी समीक्षेने या भेदाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. ग्रामीण आणि आदिवासी जीवनावरील लेखनात पात्राच्या तोंडचे ‘फॉरेस्ट’ खोडून ‘वन’ किंवा ‘अरण्य’ लिहिणारा संपादक भाषा सुधारतो खरी, पण त्याबरोबर गार्ड, दंड, जप्त केलेली कोयती हे सारे वाक्यातून हद्दपार करतो. ‘अरण्य’ या शब्दामागे रामायणापासूनची काव्यपरंपरा उभी आहे. पावती फाडणारा कोणी नाही.