माध्यमांतराचे मूल्यमापन : हुआन पाब्लो मोन्तोया आणि स्टॉक कार

२ जुलै २००६ रोजी इंडियानापोलिस येथील फॉर्म्युला वन शर्यतीत पहिल्याच वळणांच्या गर्दीत हुआन पाब्लो मोन्तोयाची गाडी त्याच्याच संघातील किमी रायकोनेनच्या गाडीवर आदळली. त्यानंतर आठवडाभरातच, पुढील वर्षापासून आपण अमेरिकेतील नॅसकार चषक मालिकेत स्टॉक कार चालविणार असल्याचे त्याने जाहीर केले. फॉर्म्युला वनमध्ये तो पुन्हा उतरला नाही. हा दोन घटनांचा निव्वळ अनुक्रम; परंतु पुढे या चालकाविषयी जे मत रूढ झाले त्याने त्या अनुक्रमाला कार्यकारणाचे रूप दिले, आणि हे स्थित्यंतर म्हणजे एका श्रेष्ठ कलेतून कनिष्ठ कलेत झालेला उतार होय, असे गृहीत धरले. या मताची बाजू मांडणारे पुरावा म्हणून एकच आकडा पुढे करतात : सात पूर्ण हंगाम, २५५ शर्यती आणि विजय केवळ दोन.

हा आकडा टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मोन्तोयाचे चाहते त्याला असे उत्तर देतात की फॉर्म्युला वनमध्ये वीस-बावीस गाड्या धावत, तर त्या वर्षांत स्टॉक कारच्या शर्यतीत त्रेचाळीस. तेव्हा विजय दुर्मिळ होणारच. युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो, पण हिशेबाला टिकत नाही. त्रेचाळीस स्पर्धकांत विजय समान वाटले गेले असे मानले तरी २५५ शर्यतींत सुमारे सहा विजय वाट्याला यावेत. मोन्तोयाच्या नावावर दोन आहेत. उलट फॉर्म्युला वनमधील ९४ शर्यतींत त्याच हिशेबाने चार-पाच विजय अपेक्षित धरावेत, तर त्याने सात मिळविले. म्हणजे एका माध्यमात तो सरासरीच्या वर होता आणि दुसऱ्यात खाली. अपयश आहे हे मान्य करूनच पुढे जावे लागते. प्रश्न आहे तो त्या अपयशाचे स्वरूप काय, हा. आणि रूढ मत नेमके तेथेच थांबते.

या संदर्भात पहिली गफलत 'उघड्या चाकांची गाडी' या शब्दप्रयोगातच आहे. चाके अंगाबाहेर असणे हे एक बाह्य लक्षण. त्यावरून एक जाती कल्पून सर्व चालकांना त्या एकाच जातीत बसविले जाते. मग टोनी स्टुअर्ट १९९७ मध्ये इंडी मालिकेचा विजेता होऊन पुढे २००२, २००५ व २०११ असा तीनदा नॅसकारचा विजेता झाला, तर तीन वेळा इंडी मालिका आणि २००६ ची इंडियानापोलिस ५०० जिंकणाऱ्या सॅम हॉर्निशला नॅसकारच्या चषक मालिकेत एकही शर्यत जिंकता आली नाही, याचा उलगडा होत नाही. उलगडा त्यांच्या पूर्वशिक्षणात शोधावा लागतो. स्टुअर्ट आणि त्याच्या आधीचा जेफ गॉर्डन हे दोघेही अमेरिकेतील मिजेट व स्प्रिंट गाड्यांवर घडले. या गाड्यांचीही चाके उघडीच; पण इंजिन पुढे, मागचा आस अखंड, आणि धाव पुष्कळदा मातीच्या लहान लंबवर्तुळावर. तेथे गाडी घसरते हेच गृहीत असते. घसरणीला वळण लावणे हीच तेथील विद्या. १९६७ ची डेटोना ५०० जिंकणारा मारियो आंद्रेत्ती आणि १९७२ ची जिंकणारा ए. जे. फॉइट हेही याच मातीतले. मोन्तोया कार्टिंग, ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्री आणि फॉर्म्युला ३००० या मार्गाने आलेला. त्याच्या घराण्यात घसरण हा दोष मानला जातो.

स्टॉक कार या माध्यमाची प्रकृती पाहिली म्हणजे हा भेद किती मूलगामी आहे हे ध्यानात येते. २००६ ची फॉर्म्युला वन गाडी चालकासह सुमारे सहाशे किलोची. स्टॉक कार चालकावाचूनच दीड हजार किलोच्या पुढे. शक्तीच्या बाबतीत ती उणी नाही, पण ती शक्ती पेलणारे टायर मात्र वजनाच्या मानाने तोकडे. फॉर्म्युला वनच्या गाडीला वेगाबरोबर हवेचा दाब जमिनीशी अधिकाधिक जखडतो, त्यामुळे तेथे धाडसाला गाडीच जणू पारितोषिक देते : जितक्या वेगाने वळणात शिरावे तितकी पकड वाढते. स्टॉक कारमध्ये तेच धाडस टायर तापवते, झिजवते, आणि दहा फेऱ्यांनंतर त्याची परतफेड मागते. तेथे वळणात शिरतानाचा वेग सोडून देऊन वळणातून निघतानाचा वेग कमवावा लागतो. गाडीची मागची बाजू सुटते आहे की पुढची चाके वळण्यास नकार देत आहेत, हे चालकाने शब्दांत सांगावे आणि त्या शब्दांवरून क्रू चीफने पिटमध्ये पाना फिरवून भार इकडचा तिकडे करावा, अशी येथील रीत. फॉर्म्युला वनमध्ये गाडीतील असंख्य यंत्रे अभियंत्यांना धावत्या शर्यतीत अखंड माहिती पुरवीत. येथे चालकाची शब्दकळा हेच प्रमुख यंत्र. परक्या माध्यमाची भाषा शिकणे म्हणजे काय, याचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच सापडेल.

लंबवर्तुळाकार मार्ग त्याला जमला नाही, हे विधानही दुरुस्त केले पाहिजे. १९९९ मध्ये कार्ट मालिकेत पदार्पणातच विजेतेपद मिळविताना त्याने जिंकलेल्या सात शर्यतींत नाझरेथ, रिओ व शिकागो ही लंबवर्तुळे होती. २००० मध्ये इंडियानापोलिस ५०० च्या दोनशेपैकी १६७ फेऱ्यांत तो आघाडीवर होता. अडचण मार्गाच्या आकाराची नव्हती. स्टॉक कारमधील त्याचे दोन्ही विजय, २००७ चा सोनोमा आणि २०१० चा वॉटकिन्स ग्लेन, डाव्या-उजव्या वळणांच्या मार्गांवरचे आहेत हे खरे. त्यांपैकी सोनोमाचा विजय विशेष अभ्यसनीय ठरतो. बत्तिसाव्या क्रमांकावरून सुरुवात करून, इंधन राखीत, शेवटच्या काही फेऱ्यांतच त्याने आघाडी घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेक्सिको सिटी येथील दुय्यम मालिकेच्या शर्यतीत आपल्याच संघाच्या स्कॉट प्रुएटला धक्का देऊन त्याने जो विजय मिळविला, त्यात या माध्यमाची केवळ दांडगाई उचललेली दिसते. चार महिन्यांच्या आत, जूनमध्ये, त्याने त्याचा संयमही उचलला होता.

परंतु त्याचे खरे मूल्यमापन जिंकलेल्या शर्यतींवरून होत नाही. ते इंडियानापोलिसच्याच मार्गावर हातची गेलेल्या दोन शर्यतींवरून करावे लागेल. २००९ च्या ब्रिकयार्ड ४०० मध्ये १६० पैकी ११६ फेऱ्या तो आघाडीवर होता. सुमारे पस्तीस फेऱ्या उरल्या असताना पिटमध्ये वेगमर्यादा ओलांडल्याचा ठपका त्याच्यावर आला. दंड म्हणून पुन्हा पिटमधून जावे लागले, आणि तो अकरावा आला. हा ठपका त्याने मान्य केला नाही. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. फॉर्म्युला वनमध्ये पिटचा वेग एक कळ दाबून यंत्राच्या स्वाधीन करता येतो. स्टॉक कारमध्ये अशी कळ नव्हती, इतकेच नव्हे तर वेगदर्शकही नव्हता. इंजिनाच्या फेऱ्या दाखविणाऱ्या काट्यावरून चालकाने वेग ओळखायचा. त्या दिवशीच्या चुकीचे हेच कारण होते असे म्हणता येणार नाही, कारण तोवर त्याच मालिकेत तो शंभरच्या आसपास शर्यती धावला होता. तथापि जिंकणे आणि हरणे यांमधील अंतर त्या दिवशी गाडी चालविण्याच्या कौशल्यात नव्हते, हे मात्र उघड आहे.

२०१० ची ब्रिकयार्ड त्याहून बोलकी. पहिल्या क्रमांकावरून सुरुवात, ८६ फेऱ्यांची आघाडी; आणि अखेरच्या टप्प्यात पिवळे निशाण लागले असता पिटमध्ये चार टायर बदलण्याचा निर्णय. प्रतिस्पर्ध्यांपैकी कित्येकांनी दोनच बदलले. चार टायरांची गाडी वेगवान असते, पण ती मागे पडते. आणि मागे पडलेल्या गाडीला पुढच्या गाड्यांची ढवळलेली हवा मिळते. शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर गर्दीतून वाट काढताना मोन्तोया आदळला व बत्तिसावा ठरला. जिंकला तो त्याचाच सहकारी जेमी मॅकमरे. येथे माध्यमाचा मूळ घाटच प्रकट होतो. फॉर्म्युला वनमध्ये कमावलेली आघाडी बहुधा साठत जाते. ती चालकाची मालमत्ता असते. स्टॉक कारमध्ये प्रत्येक पिवळे निशाण ती मालमत्ता सरकारजमा करते, आणि सर्वांना पुन्हा एका रांगेत उभे करते. ११६ आणि ८६ फेऱ्या आघाडीवर राहणारा चालक वेगाच्या कसोटीला पूर्ण उतरला होता; आघाडी ही येथे केवळ उसनवार असते हा या माध्यमाचा मर्मभेद मात्र त्याच्या वा त्याच्या संघाच्या अंगवळणी पुरता पडला नव्हता. वास्तविक २००९ मध्ये एकही शर्यत न जिंकता, अठरा वेळा पहिल्या दहांत येऊन, अंतिम बारांत स्थान मिळवून तो वर्षअखेरीस आठवा आला, तेव्हा हा घाट त्याला समजत नव्हता असेही म्हणवत नाही.

२०१२ च्या डेटोना ५०० मध्ये पिवळ्या निशाणाखाली त्याची गाडी मार्ग वाळविणाऱ्या जेट-यंत्रावर आदळून आगीचा जो डोंब उसळला, तो लोकांच्या स्मरणात सर्वाधिक राहिला. त्याची कारकीर्द तेवढ्या एका चित्रात मिटवून टाकण्याची सोय त्याने झाली. टीकेला अशा सोयी आवडतात.

२०१३ च्या अखेरीस तो स्टॉक कारमधून बाहेर पडला आणि २०१४ पासून पेन्स्के संघातर्फे पुन्हा उघड्या चाकांकडे वळला. रूढ मताने ज्या टप्प्याकडे केवळ पुनरागमन म्हणून पाहिले, तेथेच या स्थित्यंतराचा निकष शोधावा लागेल. २०१५ ची इंडियानापोलिस ५०० त्याने जिंकली. पहिल्या विजयानंतर पंधरा वर्षांनी. आरंभीच मागून धक्का बसून गाडीची मागची बाजू मोडली, दुरुस्तीसाठी थांबावे लागले, आणि तो तिसाव्या क्रमांकापर्यंत घसरला. तेथून तो अत्यंत सावकाश वर आला. २००० मध्ये १६७ फेऱ्या आघाडीवर राहून जिंकणारा हा चालक २०१५ मध्ये अवघ्या नऊ फेऱ्या आघाडीवर होता. त्यांत शेवटची होती. मधल्या काळात गाड्या बदलल्या होत्या, परस्परांना मागे टाकणे सुलभ झाले होते, वयही चाळिशीला टेकले होते. तेव्हा सारे श्रेय सात वर्षांच्या स्टॉक कारला देणे अतिव्याप्त ठरेल. तरीही आघाडी उसनवार असते हे जाणणाऱ्या माणसाची ती शर्यत होती, हे तिच्या रचनेवरूनच दिसते.

अर्थात हा निष्कर्षही फार गुळगुळीत होऊ देता कामा नये. त्याच वर्षाची अखेरची शर्यत सोनोमालाच झाली. मोन्तोया गुणतक्त्यात अग्रस्थानी होता. मध्यावर तो आपल्याच संघातील विल पॉवरच्या गाडीवर आदळला व सहावा आला. शर्यत स्कॉट डिक्सनने जिंकली, आणि दोघांचे गुण सारखे, ५५६, झाले. १९९९ मध्ये डारिओ फ्रँकिटीशी २१२ गुणांवर अशीच बरोबरी होऊन अधिक विजयांच्या बळावर मोन्तोया विजेता ठरला होता. या वेळी अधिक विजय डिक्सनचे होते, तीनास दोन.