शब्दकोशातली अर्धी ओळ

इंग्रजी-मराठी शब्दकोशात शब्दापुढे देवनागरीत उच्चार दिलेला असतो. मराठी माध्यमातल्या आम्हा पोरांचं इंग्रजी त्याच ओळीवर उभं राहिलं. सेलूत शाळेत असताना मी लांब शब्द तसेच पाठ केले. रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. सहा सिलॅबल, सगळे सारख्याच वजनाचे. माझी तक्रार या ओळीबद्दल आहे: ती अर्धंच काम करते.

इंग्रजीत सगळे सिलॅबल सारखे नसतात. एकावर जोर पडतो, बाकीचे दबतात. शब्द वाढला की जोर सरकतोही. 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये 'टो'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. आपण तिन्ही एकाच चालीत वाचतो, कारण कागदावर फक्त शेपूट बदललेलं दिसतं. 'इटी', 'शन', 'इक' ही शेपटं जोर आपल्या लगेच आधीच्या सिलॅबलवर ओढतात. ('अरेबिक'सारखे अपवाद आहेत, ते जाऊ द्या.) 'मेंट' आणि 'नेस' मात्र गरीब स्वभावाचे, मूळ शब्दाला हात लावत नाहीत. 'डेव्हलप'मध्ये जोर दुसऱ्या सिलॅबलवर, तर 'डेव्हलपमेंट'मध्येही तिथंच. आपण बहुतेक जण तो 'डे'वर देतो.

हे परकं वाटतं, पण आपल्या घरातही असलंच काही चालतं. 'इक' लागला की समाजाचं सामाजिक, भूगोलाचं भौगोलिक, इतिहासाचं ऐतिहासिक. प्रत्यय लागतो शेवटी आणि हलतो पहिला स्वर! 'पणा' लागला तर मात्र 'मोठे' जसंच्या तसं: मोठेपणा. फरक इतकाच की आपली लिपी हा बदल लिहून दाखवते आणि इंग्रजी स्पेलिंग जोर लपवतं. मराठीच्या तासाला शिकलेलं इंग्रजीच्या तासाला कुणी जोडून दिलं नाही.

टीमच्या कॉलवर याची किंमत कळते. आमच्याकडची हुशार पोरं कोड चोख लिहितात, पण लांब शब्द आला की समोरून 'पार्डन?' येतं. शब्द बरोबर असतो, व्याकरणही. पण ऐकणारा जोरावरून शब्द ओळखतो आणि जोर भलतीकडेच असतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा माइक म्यूटच राहतो. आपसात बोलताना आपला 'डेव्हलपमेंट' मला अजिबात चुकीचा वाटत नाही. मराठीत जोर हलला म्हणून अर्थ बदलत नाही. पण कोश इंग्रजी उच्चार सांगतो म्हणत असेल, तर त्यानं तो पुरता सांगावा.

देवनागरीला हे जमत नाही असंही नाही. ऋग्वेदाच्या छापील पोथ्यांत स्वरांसाठी अक्षराखाली आडव्या आणि डोक्यावर उभ्या रेघा असतात. तिथं प्रश्न सुराच्या चढउताराचा आहे, जोराचा नाही. पण खूण तयार आहे. युनिकोडमध्ये ०९५१ क्रमांकावर ती उभी रेघ बसलीय, नाव 'देवनागरी स्ट्रेस साइन उदात्त'. (ऋग्वेदात ती खरं तर स्वरित दाखवते. नाव ठेवणाऱ्यांना कोण समजावणार?) कोशकारांनी तीच उचलावी: फटॉ॑ग्रफर, रिस्पॉन्सिबि॑लिटी.

धाकट्या बहिणीला मी असे चाळीसेक शब्द व्हॉट्सॲपवर पाठवलेत. फोनच्या कीबोर्डवर ती रेघ काही सापडली नाही, म्हणून एकदा कॉपी केली आणि प्रत्येक शब्दावर चिकटवत गेलो.