युद्ध बेकायदा ठरलं, पण मोजलं कोणाचं? : 'द इंटरनॅशनॅलिस्ट्स' साताऱ्यातून वाचताना

संशोधनाची तयारी करणारे आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा सांगलीत बसतो. एकाने पुस्तक मांडायचं, बाकीच्यांनी खोदून खोदून प्रश्न विचारायचे. मागच्या वेळी ओना हॅथवे आणि स्कॉट शपिरो यांचं 'द इंटरनॅशनॅलिस्ट्स' (2017) होतं. मांडणारी मैत्रीण राज्यशास्त्राची. तिच्या सिनॉप्सिसचं पहिलंच वाक्य या पुस्तकावर उभं होतं : 1928 च्या करारामुळे दुसऱ्याचा प्रदेश जिंकून घेण्याची प्रथा संपली. मी विज्ञान शाखेची, मला त्यातला 'मुळे' खटकला. साताऱ्याला घरी येताना पुस्तक सोबत आणलं. वाचून झाल्यावर 'मुळे'पेक्षाही मोठा प्रश्न निघाला, तो इथे मांडते.

आधी पुस्तकाचं म्हणणं. 27 ऑगस्ट 1928 रोजी पॅरिसमध्ये 15 देशांनी केलॉग-ब्रियाँ करारावर सह्या केल्या. मुख्य कलमं दोनच : राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग करायचा, आणि तंटे शांततेच्या मार्गानेच सोडवायचे. अकरा वर्षांत दुसरं महायुद्ध सुरू झालं, म्हणून हा करार सहसा टिंगलीचा विषय होतो. लेखक म्हणतात, थांबा. त्याआधी युद्ध करून मिळवलेला प्रदेश कायद्याने जिंकणाऱ्याचा होत असे. करारानंतर तो हक्क गेला. 1928 नंतर बळकावलेला बराचसा प्रदेश पुढे परत करावा लागला, आधी बळकावलेला मात्र तसाच राहिला. म्हणजे रेघ 1928 वर पडते.

हा युक्तिवाद मला खरोखर आवडला. 'करार मोडला म्हणजे तो निरुपयोगी' हे आळशी वाक्य आपण परीक्षेत सर्रास लिहितो. चोऱ्या होतात म्हणून चोरीविरुद्धचा कायदा निरुपयोगी ठरत नाही. लेखक करार पाळला का एवढंच विचारत नाहीत, मोडल्यावर काय झालं ते बघतात. प्रश्न असा बदलून विचारणं हे चांगल्या संशोधनाचं लक्षण आहे.

आता आकडे. पुस्तकाचा आधार 'कोरिलेट्स ऑफ वॉर' हा माहितीसंच, तो 1816 पासून सुरू होतो. लेखकांच्या हिशेबाने 1928 पर्यंत साधारण दर दहा महिन्यांनी एक प्रदेश जिंकला जात होता. 1948 नंतर हे प्रमाण सुमारे चार वर्षांत एक असं झालं. एखाद्या राष्ट्रावर एका वर्षात अशी वेळ येण्याची शक्यता 1.33 टक्क्यांवरून 0.17 टक्क्यांवर आली.

कागद-पेन घ्या. दहा महिन्यांवरून अठ्ठेचाळीस महिने, म्हणजे घट साधारण पाचपट. 1.33 वरून 0.17 म्हणजे जवळजवळ आठपट. दोन्ही आकडे एकाच घटनेचे, मग फरक का? कारण दुसऱ्या आकड्यात राष्ट्रांच्या संख्येने भागलंय, आणि ती संख्या वाढली. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य 1945 मध्ये 51 होते, आज 193 आहेत. छेद वाढला की भागाकार आपोआप घटतो. त्यात लबाडी नाही, पण आठपट घटीचं सगळं श्रेय कराराला देता येत नाही. उरलेल्या पाचपटीतही अण्वस्त्रं, शीतयुद्ध, संयुक्त राष्ट्रांची सनद आणि साम्राज्यांचा अस्त हे सगळे वाटेकरी आहेत.

इथपर्यंत नेहमीची चिकित्सा झाली. माझा मुख्य आक्षेप मात्र साताऱ्यात सापडला.

25 सप्टेंबर 1819 रोजी ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य त्यांना आणि त्यांच्या वारसांना मिळालं, पण इंग्रजांच्या आधिपत्याखाली. सैन्य परस्पर वाढवायचं नाही, बाहेरच्या सत्तांशी संबंध ठेवायचे नाहीत. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप इतर आरोपांबरोबर ठेवून 1839 मध्ये महाराजांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले, वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. 1848 मध्ये गादीवरचे शहाजीराजे वारले. दत्तक मान्य करावा असं मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लर्क यांचं मत होतं, तरी डलहौसीच्या कारकिर्दीत राज्य खालसा झालं. लढाई नाही, वेढा नाही. कागदावर राज्य गेलं.

हे माहितीसंचात कसं दिसेल? त्या संचाच्या नियमाप्रमाणे 1920 च्या आधी एखादा प्रदेश 'राष्ट्र' ठरायला किमान पाच लाख लोकसंख्या हवी, आणि ब्रिटन व फ्रान्स या दोघांचे राजनैतिक प्रतिनिधी तिथे हवेत. साताऱ्याला परक्या सत्तेशी बोलायलाच बंदी होती. फ्रान्सचा वकील येणार कुठून? म्हणजे ज्या तहाने साताऱ्याचे हात बांधले, त्याच तहाने सातारा मोजणीबाहेरही गेला. 1.33 टक्क्यांच्या छेदात सातारा नाही. शिवाय 'जिंकणं' आणि 'जोडून घेणं' असे वेगळे रकाने असतात, त्यामुळे 1848 कुठे टाकायचं हा निर्णयही मोजणाऱ्याचाच.

हीच गोष्ट 1928 च्या करारातही आहे. त्यावर 'भारताची' सही आहे. ती ब्रिटनचे लॉर्ड कुशेंडन यांनी, ब्रिटनसाठी केली तशीच भारतासाठीही केली. सांगली, औंध, फलटण ही संस्थानं तेव्हा होती, पण त्यांना कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. जगाच्या काही भागांत आपले खास हितसंबंध आहेत, तिथे कृतीचं स्वातंत्र्य राहील, असं ब्रिटनने सहीच्या आधीच कळवलं होतं. स्वसंरक्षण कशाला म्हणायचं हेही ज्याचं त्याने ठरवायचं. 1931 मध्ये जपानने मांचुरिया घेतला, पण युद्ध जाहीर केलंच नाही. टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी वेगळा निकाल लिहिताना हाच मुद्दा धरला : स्वसंरक्षणाचा निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडला असेल, तर त्या कराराने युद्ध हा गुन्हा ठरत नाही.

म्हणून माझं मत असं. पुस्तक वाचाच. बलाढ्य राष्ट्रांनी एकमेकांचा प्रदेश घेणं कमी झालं, आणि त्यात या कराराचा वाटा आहे, हे ते पटवून देतं. पण 1928 ची रेघ ज्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं त्यांच्या सोयीची होती. त्या रेघेच्या मागे राहिलेल्यांचा हिशेब त्या टक्केवारीत नाही.

मैत्रिणीने वाक्य बदललंय. आता तिथे 'मान्यताप्राप्त राष्ट्रांमध्ये' हे दोन शब्द आले आहेत आणि 'मुळे' जाऊन 'नंतर' आलंय. गाईड म्हणाले, दावा लहान झाला. झाला खरा, पण व्हायव्हाला तिला तो उभं राहून सांगता येईल. तुम्हीही कुठलाही आकडा उचलण्याआधी त्याची व्याख्यांची पुस्तिका उघडा, आणि आपलं गाव त्यात बसतं का ते बघा.