पाहिले खूप, लिहिले किती?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले.

पाहणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र तो उल्कावर्षाव वाटला. साधे सेकंद मोजले असते तरी शंका आली असती. उल्का वातावरणात सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुधा दोन-चार सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरणारा अवशेष आठ किलोमीटरहून कमी वेगाने, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो बराच वेळ दिसत राहतो.

त्या रात्रीच्या चित्रफिती हातोहाती फिरल्या. पण जागा, वेळ आणि दिशा यांवाचून चित्रफीत ही केवळ करमणूक होय. गोंदिया आणि नागपूर सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर दूर आहेत. ८० किलोमीटर उंचीवरची वस्तू गोंदियाच्या बरोबर डोक्यावर असेल, तर नागपूरहून ती क्षितिजापासून सुमारे ३४ अंशांवर दिसेल. अशा दोन नोंदी जुळल्या की उंची काढता येते. हे दहावीचे त्रिकोणमितीच आहे!

आपल्या आकाशदर्शन कार्यक्रमांवर आक्षेप आहे तो इथेच. मुले रांगेने शनीची कडी आणि चंद्रावरची विवरे पाहतात, ‘वा!’ म्हणतात आणि घरी जातात. वही कोणी उघडत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ रोजी मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे त्या वेळी छापले गेले. दीडशे वर्षांनी सौरवादळांच्या अभ्यासकांना ती नोंद उपयोगी पडली. नुसते ‘वा!’ उरले असते, तर काय उपयोग?

सालेकसा, देवरी, नवेगावबांधकडच्या शाळांना शहरांत दुर्मीळ झालेले काळोखे आकाश लाभले आहे. दुर्बीण नसली तरी अडत नाही. हात ताठ धरला की मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. घड्याळ आणि वही घरात असतेच. तारीख, वेळ, ठिकाण, दिशा, उंची, किती सेकंद, ढग होते का, एवढे सात रकाने आखून द्यावेत. काय दिसले ते आधी लिहावे. ते काय असावे, हे नंतर.